गोठ्यातल्या शेणापासून गॅस: आधी शेणाचे वजन, मग टाकीचा आकार

आपल्या प्रश्नाचा आशय मला असा समजला. आपल्याकडे 14 मोठी जनावरे आहेत. त्यांतली 8 दिवसरात्र गोठ्यात बांधलेली असतात आणि 6 दिवसा चरायला जातात. एका विक्रेत्याने आपल्याला 15 घनमीटरचे गोबरगॅस संयंत्र सुचवले असून त्यावर घराचे दिवे, दूध काढण्याचे यंत्र आणि कुट्टीयंत्र असे सगळे चालेल, असे सांगितले आहे. शेजाऱ्यांचे संयंत्र मात्र दोन वर्षे चालून बंद पडले. ते का बंद पडले हे पाहण्यासाठी आपण दोघे मिळून त्याची टाकी उघडणार आहात, आत उतरून गाळ काढणार आहात आणि त्यावरून स्वतःचा निर्णय घेणार आहात.

बाकी सगळे नंतर. पण त्या टाकीत कृपया कोणीही उतरू नका. बंद पडलेल्या टाकीतही तळाच्या गाळात गॅस अडकलेला असतो आणि फावडे लागताच तो बुडबुड्यांनी वर येतो. त्यामुळे टाकी चार दिवस उघडी ठेवली म्हणजे ती सुरक्षित झाली, हा समज चुकीचा आहे. त्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यासारखा वास देतो खरा, पण हवेच्या दशलक्ष भागांत त्याचे प्रमाण 100 च्या पुढे गेले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. 500 ते 700 भागांच्या आसपास माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो आणि त्यातून मृत्यूही ओढवतो. कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तळाशी साचतो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. अशा दुर्घटनांत बहुतेक वेळा एकाचा नव्हे तर दोघा-तिघांचा बळी जातो, कारण पहिला कोसळलेला दिसला की दुसरा त्याला वाचवायला धावत खाली उतरतो. गाळ काढायचाच असेल तर तो वरूनच, स्लरी (शेण-पाण्याचा पातळ काला) ओढणाऱ्या पंपाने काढावा. माणूस उतरवण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर आत सतत ताजी हवा फेकणारा पंखा, वायू मोजणारे उपकरण, अंगाला बांधलेला दोर आणि वर थांबलेली माणसे ही सारी तयारी असलेल्या प्रशिक्षित लोकांनाच ते काम द्यावे. शिवाय हवेत मिथेन 5 ते 15 टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून टाकीच्या तोंडाशी विडी, दिवा किंवा चालू इंजिन असता कामा नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. आपण विचारले आहे, "इतक्या जनावरांवर किती वीज मिळेल?" माझ्या कामात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण याच शब्दांत विचारतो आणि दर वेळी मी त्याचे दोन भाग करतो. रोज टाकीच्या तोंडापर्यंत प्रत्यक्ष किती ताजे शेण पोचणार आहे, हा पहिला भाग. आणि त्या गॅसची उष्णता आपल्या शेतावर रोज कोणत्या वेळी, कशासाठी लागणार आहे, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरे हातात आली की टाकीचा आकार जवळपास आपोआप ठरतो. ही उत्तरे नसताना टाकी बांधली, तर ती चांगली बांधली असली तरी उपाशी राहते किंवा तिचा गॅस वाया जातो.

पहिल्या भागाचा हिशेब मांडू. पूर्ण वेळ बांधलेले मोठे जनावर दिवसाला साधारण 10 ते 15 किलो शेण देते. जनावराचा आकार, चाऱ्याची प्रत आणि ओल्या-सुक्या चाऱ्याचे प्रमाण यांवर हा आकडा बराच हलतो. आपण 12 किलो धरू, म्हणजे 8 जनावरांचे 96 किलो झाले. दिवसा चरायला जाणाऱ्या 6 जनावरांचे निम्मे शेण रानातच राहते, म्हणून त्यांचे प्रत्येकी 6 प्रमाणे 36 किलो धरू. एकूण 132 किलो. यातला काही भाग पायाखाली तुडवला जातो, काही अंथरुणात मिसळतो आणि काही गोठा धुताना पाण्याबरोबर वाहून जातो. तो वजा जाता रोज सुमारे 110 किलो शेण टाकीला मिळेल असे समजायला हरकत नाही. उबदार हवेत 25 किलो ताज्या शेणापासून साधारण 1 घनमीटर गॅस मिळतो. त्या हिशेबाने आपल्याला रोज साडेचार घनमीटरच्या जरासा आत गॅस मिळेल. थंडीत तो तीनवर किंवा त्याहूनही खाली येईल.

विक्रेत्याच्या 15 घनमीटरचे काय, असे आपण विचाराल. इथे एक गोंधळ आहे आणि त्यात अनेक जण फसतात. "इतक्या घनमीटरचे संयंत्र" म्हणताना कोणी रोज मिळणारा गॅस सांगत असतो, तर कोणी टाकीचे आकारमान. रोज 15 घनमीटर गॅस असा अर्थ असेल, तर त्याला दिवसाला सुमारे 375 किलो शेण लागेल. आपली सगळी जनावरे चोवीस तास बांधून ठेवली तरी ते जमणारे नाही. टाकीचे आकारमान 15 घनमीटर असा अर्थ असेल, तर गोष्ट निराळी. 110 किलो शेणात तेवढेच पाणी मिसळले की रोज 220 लिटर शेणकाला तयार होतो, आणि 15 घनमीटरच्या टाकीत तो जवळजवळ 68 दिवस राहील. कडक थंडीच्या प्रदेशात हा मुक्काम योग्य आहे. उष्ण प्रदेशात 40 दिवस पुरतात, म्हणजे 9 घनमीटरची टाकी आणि वर गॅससाठी जागा एवढ्यात काम भागते. तेव्हा विक्रेत्याला एवढेच विचारा की हे 15 घनमीटर कशाचे, आणि उत्तर लेखी घ्या.

माझे हे आकडेही आपण अंदाज म्हणूनच घ्या. ठरवण्यापूर्वी सलग आठ दिवस गोठ्यातले शेण घमेल्याने भरून वजन करा आणि जे घमेले तुम्ही रोज खरोखर टाकीपर्यंत नेणार आहात तेवढेच मोजा. वर्षातल्या ज्या काळात जनावरे सर्वांत जास्त वेळ बाहेर असतात, त्या काळातले वजन टाकी ठरवताना जास्त महत्त्वाचे असते. गरजेपेक्षा फार मोठी बांधलेली टाकी भरण्यासाठी लोक हळूहळू जास्त पाणी ओतू लागतात, शेणकाला पातळ होतो, त्यातली माती तळाला आणि काडीकचरा वर जातो, गॅसचा दाब येत नाही. मी पाहिलेली कितीतरी संयंत्रे बांधकामातल्या दोषाने नव्हे, तर अशा मोठेपणाने बंद पडली.

आता दुसरा भाग, म्हणजे गॅस कशासाठी. गोबरगॅसमध्ये साधारण 55 ते 65 टक्के मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडी वाफ व हायड्रोजन सल्फाइड. 60 टक्के मिथेन असलेल्या 1 घनमीटर गॅसमध्ये सुमारे 21 मेगाज्यूल उष्णता असते, म्हणजे जवळपास 0.45 किलो एलपीजीइतकी. चांगल्या शेगडीवर यातली निम्म्याहून थोडी अधिक भांड्यापर्यंत पोचते. हाच गॅस लहान इंजिनात जाळून जनित्र फिरवले, तर 1 घनमीटरमधून फार तर दीड युनिट वीज मिळते, लहान आणि जुन्या इंजिनातून त्याहूनही कमी, आणि बाकीची उष्णता धुरातून व इंजिन थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जाते.

आपल्या शेतावर हे लावून पाहा. घरात सहा माणसे असतील, तर स्वयंपाकाला माणशी पाव घनमीटर धरून रोज दीड घनमीटर गॅस लागतो. दूध काढण्याचे यंत्र आणि भांडी धुण्यासाठी 100 लिटर पाणी 20 अंशांवरून 70 अंशांपर्यंत तापवायचे असेल, तर सुमारे 21 मेगाज्यूल उष्णता पाण्यात जावी लागते. शेगडीचे नुकसान धरून त्याला पावणेदोन ते दोन घनमीटर गॅस लागेल. म्हणजे स्वयंपाक आणि गरम पाणी मिळून साडेतीन घनमीटर झाले, आणि आपल्या साडेचारांतला फारच थोडा उरला. उलट वीजच करायची ठरवली, तर सगळा गॅस जाळून उन्हाळ्यात पाच-सहा युनिट मिळतील. त्यातून दूध काढण्याचे यंत्र दोन वेळा, कुट्टीयंत्र तासभर आणि दिवे असे कसेबसे निभेल, पण स्वयंपाकाला आणि पाणी तापवायला काही उरणार नाही, आणि थंडीत यंत्रेही अर्ध्यावर थांबतील.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: एवढ्या गोठ्यावर गॅस थेट जाळावा, वीज करण्याच्या भानगडीत पडू नये. जिथे तारेची वीज मुळीच पोचत नाही आणि दूध काढणे यंत्रावरच अवलंबून आहे, तिथे निर्णय वेगळा असू शकतो, कारण तिथे एका युनिटची गरज उष्णतेपेक्षा कितीतरी मोठी असते. एरवी रोजचा गॅस 40 ते 50 घनमीटरच्या पुढे, म्हणजे शंभरेक बांधलेल्या जनावरांच्या आसपास जातो, तेव्हाच मी इंजिनाचा विचार मांडतो. अशा ठिकाणी इंजिनाचे गरम पाणी टाकीभोवती फिरवून तिला थंडीतही ऊब देता येते, देखभालीला माणूस ठेवणे परवडते आणि बंद पडलेल्या दिवशी दुसरी सोय असते. काही जण हा गॅस सिलिंडरमध्ये भरून ठेवण्याविषयी विचारतात. घरगुती एलपीजीच्या सिलिंडरमध्ये तो भरण्याचा प्रयत्न चुकूनही करू नये. मिथेन नेहमीच्या तापमानाला कितीही दाबला तरी द्रव होत नाही. तो शुद्ध करून फार मोठ्या दाबाने खास सिलिंडरमध्ये भरावा लागतो आणि ती यंत्रणा लहान गोठ्याच्या आवाक्यातली नाही.

गॅस दिवसभर सारख्याच वेगाने तयार होत राहतो, आपल्या बाबतीत तासाला पाव घनमीटरहून कमी, पण लागतो मात्र सकाळी आणि संध्याकाळी. त्यामुळे गॅस साठवण्याची जागा दिवसाच्या उत्पादनाच्या निदान निम्मी तरी असावी. तरंगत्या झाकणाच्या संयंत्रात झाकण वर आलेले दिसले की गॅस किती आहे हे घरातले कोणीही सांगू शकते आणि दाब शेवटपर्यंत सारखा राहतो. पण लोखंडी झाकण गंजते आणि थंडीत उष्णता लवकर सोडते. जमिनीखालच्या पक्क्या घुमटाला गंजण्यासारखे काही नसते आणि माती त्याला ऊब देते. मात्र घुमटाला बारीक तडा गेला तरी गॅस निसटतो, म्हणून त्याला सरावाचा गवंडी लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी संयंत्रे लवकर बसतात, पण त्यांना ऊन, उंदीर आणि जनावरांचे खूर यांपासून जपावे लागते. आपल्याकडे कोणता कारागीर खात्रीचा आहे, यावर यांतली निवड अवलंबून ठेवावी, असे मी सुचवेन.

जागा निवडताना टाकी स्वयंपाकघराजवळ नव्हे, गोठ्याजवळ घ्यावी. गॅस नळीतून सहज पुढे जातो, शेण मात्र रोज माणसाला वाहावे लागते. गोठ्याच्या नाल्याचा उतार थेट मिश्रणाच्या कुंडीकडे असेल, तर रोजचे काम वीस-पंचवीस मिनिटांत होते. हेच काम पन्नास पावले घमेली वाहून करावे लागले, तर पेरणी-काढणीच्या गर्दीत ते पहिल्यांदा टळते. विहिरीपासून टाकी निदान 15 मीटर दूर असावी, जवळ मोठ्या मुळांचे झाड नसावे आणि दिवसभर ऊन मिळावे.

टाकीत काय जाते, याविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण शेजाऱ्यांच्या संयंत्राचे उत्तर बहुधा इथेच सापडेल. त्यांच्या मिश्रणाच्या कुंडीत नेहमीसारखा शेणकाला तयार करा, त्यातला एक बादलीभर बाजूला काढा, त्यात आणखी एक बादली पाणी घालून चांगला ढवळा आणि अर्धा तास तसाच ठेवा. नंतर वरचा थर हाताने बाजूला करा आणि पाणी हळूहळू ओतून द्या. वर बोटभर काड्या तरंगत असतील, तर गव्हाणीतला उरलेला चारा शेणाबरोबर टाकीत जातो आहे. तळाशी बोटांत कचकच लागणारी माती-वाळू उरली असेल, तर ती मातीच्या जमिनीवरून शेण खरवडताना आलेली आहे. बादलीतली मूठभर माती फारशी वाटत नाही, पण ती रोज टाकीत जाते आणि बाहेर पडत नाही. दोन वर्षांत ती टाकीचा तळ वर उचलते, शेणकाल्याला राहायला जागा उरत नाही आणि पुरता न कुजलेला माल निकासातून बाहेर पडू लागतो. काड्यांचा थर वर वाळून कडक होतो आणि त्याखालचा गॅस अडवतो.

उपाय साधे आहेत, फक्त ते रोज करावे लागतात. गोठ्याची जमीन पक्की करावी. उरलेला चारा आधी वेगळा काढावा आणि टाकीत टाकायचाच असेल तर बारीक कुट्टी करून, तीही थोडी थोडी टाकावी. मिश्रणाच्या कुंडीचा तळ टाकीकडे जाणाऱ्या नळाच्या तोंडापेक्षा वीतभर खाली ठेवावा, म्हणजे माती तिथेच बसेल आणि काढून टाकता येईल. शेण आणि पाणी समप्रमाणात घेतले की त्यातला घन भाग 8 ते 10 टक्क्यांच्या आसपास येतो आणि माती-काड्या सहज वेगळ्या होत नाहीत. गोठा नळीने धुतलेले सगळे पाणी टाकीत सोडले तर हे प्रमाण बिघडते. पाण्याऐवजी थोडे गोमूत्र चालते, मात्र सगळेच पाणी गोमूत्राचे नको, कारण त्यातून अमोनिया वाढतो. कोंबड्यांच्या विष्ठेतही नत्र फार असते. ती शेणात थोड्या प्रमाणात मिसळली तर गॅस वाढतो, एकटी टाकली तर टाकी अडखळते.

आणखी एक कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. टाकीतले मिथेन तयार करणारे जंतू जनावराच्या पोटातूनच शेणाबरोबर येतात आणि ते फार सावकाश वाढतात. फिनाइलने गोठा धुतलेले पाणी, खूर बुडवण्याचे मोरचुदाचे पाणी, कासदाहावर प्रतिजैविके चालू असलेल्या जनावराचे शेण आणि दूध यांनी त्यांचा मोठा भाग मरू शकतो आणि मग टाकी कित्येक दिवस थंड पडते. आजारी जनावराचे शेण उपचार संपून काही दिवस होईपर्यंत वेगळ्या खड्ड्यात टाकावे आणि धुण्याच्या पाण्याला टाकीला वळसा घालणारी वाट असावी.

शेजाऱ्यांकडे गॅस तयारच होत नाही, की तयार होऊन शेगडीपर्यंत पोचत नाही, हे टाकी न उघडताही ठरवता येते. गॅस टाकीतून ओलसर येतो, त्याचे पाणी नळीच्या सखल भागात साचते आणि वाट बंद करते. नळीला सर्वत्र उतार आणि सर्वांत सखल जागी पाणी काढण्याची तोटी आहे का, हे आधी पाहावे. शेगडीची ज्योत फडफडत असेल, तर बहुधा एवढेच कारण असते. मग प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघावे. गळती शोधताना काडी कधीही पेटवू नये. हे सगळे ठीक असूनही दाब नसेल, तर निकासाच्या स्लरीचा वास घ्यावा. नीट कुजलेल्या स्लरीला शेणाचा उग्र वास राहत नाही आणि तिच्यावर माशा फारशा बसत नाहीत. आंबट, नाकात जाणारा वास आला, तर टाकीत आम्ल वाढले आहे. हे बहुतेकदा एकदम जास्त माल टाकल्याने किंवा स्वयंपाकघरातले बरेचसे खरकटे एका दिवशी ओतल्याने होते, कारण आम्ल तयार करणारे जंतू झपाट्याने काम करतात आणि ते आम्ल खाऊन मिथेन करणारे मागे पडतात. अशा वेळी माल टाकणे काही दिवस पूर्ण थांबवावे, ज्योत पुन्हा स्थिर जळू लागली की निम्म्या मापाने सुरुवात करावी आणि हळूहळू पूर्ण मापावर यावे. चुना ओतून झटपट इलाज करण्याचा मोह टाळावा; त्याचे माप चुकले तर दुसऱ्या टोकाचा बिघाड होतो.

थंडीविषयी एवढेच सांगतो की हे जंतू 30 ते 38 अंशांत उत्तम काम करतात, 20 अंशांखाली मंदावतात आणि 10 अंशांखाली जवळजवळ थांबतात. थंडीत गॅस निम्मा झाला म्हणून संयंत्र बिघडले असे समजू नये. शेणकाला दुपारी, उन्हात तापलेल्या किंवा कोमट पाण्यात कालवून टाकावा आणि टाकीच्या भोवती कुजणाऱ्या पाल्याचा जाड थर द्यावा. गॅस कमी पडतो म्हणून जास्त शेण टाकले, तर मात्र आंबण्याचा धोका वाढतो.

नवीन टाकी सुरू करताना चांगल्या चालणाऱ्या संयंत्रातली स्लरी विरजणासारखी घालावी, टाकीच्या दहाव्या हिश्श्याइतकी तरी. उबदार हवेत तीन-चार आठवड्यांत जळणारा गॅस येऊ लागतो. सुरुवातीच्या गॅसमध्ये हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. तो आसपास कोठेही आग नसताना मोकळ्या हवेत एक-दोन वेळा सोडून द्यावा. ज्योत तपासायची ती शेगडीवरच, टाकीच्या नळावर कधीही नाही. शेगडीही गोबरगॅससाठी बनवलेलीच घ्यावी, कारण एलपीजीच्या शेगडीचे छिद्र या गॅसला फार लहान पडते. एकदा संयंत्र चालू झाले की उरलेला गॅसही जाळूनच टाकावा. 100 वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या 27-28 पट उष्णता रोखतो, तेव्हा तो हवेत सोडणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणे होय.

इथपर्यंतचे सूत्र धरून सांगायचे, तर रोज 110 किलोच्या आसपास शेण, हवामानानुसार 9 ते 15 घनमीटरची टाकी, गोठ्याला लागून जागा, आणि गॅस स्वयंपाकाला व गरम पाण्याला. वीज पुढे गोठा वाढला तर.

आपण शेवटी विचारले आहे की शेणातली सगळी शक्ती गॅसमध्ये गेली तर शेताला काय उरेल. ही शंका मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुष्कळ शेतकरी केवळ हिच्यामुळे संयंत्र घेत नाहीत. साधे वजन करून पाहा. आपल्या टाकीत रोज 220 किलो शेणकाला जाईल आणि त्यातून साडेचार घनमीटर गॅस निघेल, ज्याचे वजन जेमतेम 5 किलो भरते. बाकी सगळे निकासातून परत येते. गॅसमधून जातात ते कर्ब, हायड्रोजन आणि प्राणवायू. नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीतच राहतात, आणि नत्राचा काही भाग पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियाच्या रूपात बदलतो. उघड्या उकिरड्यावर महिनोन्‌महिने पडलेल्या शेणाशी तुलना केली, तर टाकीतून आलेले खत सरसच ठरते.

पण याच कारणाने ही स्लरी जपावीही लागते. अमोनियाच्या रूपातले नत्र उघड्यावर झपाट्याने उडून जाते. उन्हात पसरून वाळवलेली स्लरी उचलायला सोपी होते खरी, पण तिच्यातला सर्वांत उपयोगी भाग तोवर हवेत गेलेला असतो. शक्य असेल तिथे ती पातळच, पाण्याच्या पाटातून किंवा सरीतून द्यावी आणि लगेच मातीआड करावी; काम सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, वारा पडलेला असताना करावे. दूरच्या शेतात न्यायची असेल, तर खड्ड्यात पालापाचोळ्याचे थर घालून त्यावर ती सोडावी, म्हणजे पाणी आणि नत्र दोन्ही पाल्यात मुरतात आणि खत पाटीने उचलता येते. या तापमानाला रोगजंतू आणि तणांचे बी कमी होतात, पूर्ण मरत नाहीत. म्हणून कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांवर काढणीच्या तोंडाशी स्लरी देऊ नये.

आणि खड्डा बांधताना विचार फक्त टाकीचा करू नका. रोज 215 लिटर स्लरी बाहेर येणार, म्हणजे महिन्याला साधारण साडेसहा घनमीटर. पीक उभे असताना किंवा जमीन चिंब असताना ती शेतात घालता येत नाही, तेव्हा दोन-तीन महिन्यांची स्लरी मावेल असा झाकण असलेला खड्डा पहिल्या दिवसापासून आराखड्यात असावा, आणि त्याला मुलांना किंवा वासरांना सरकवता येणार नाही असे जड झाकण व भोवती कुंपण असावे. विक्रेत्याच्या कागदात हा खड्डा आहे का, ते बघा. नसेल, तर तो घालून नवा आराखडा मागा, आणि शेणाच्या आठ दिवसांच्या वजनाची वही त्याच्यासमोर ठेवूनच टाकीचा आकार ठरवा.